पडद्यावरचे दफ्तर

'दफ्तर' हा शब्द तुम्ही घरीही ऐकता आणि मराठीच्या तासालाही. घरी अब्बा दफ्तरला जातात, म्हणजे कचेरीत जातात. मराठीच्या पुस्तकातला मुलगा मात्र दफ्तर पाठीवर घेऊन शाळेत जातो. जुन्या मराठीत दफ्तर म्हणजे सरकारी कागदांचा साठा. पेशव्यांच्या काळातील कागदपत्रे पुण्यात जपून ठेवली आहेत, त्यांना पेशवे दफ्तर म्हणतात. शब्द एकच, पण एका भाषेत तो कामाच्या जागेसाठी रुळला आणि दुसरीत कागदांसाठी.

या पाठात आपण एका नव्या साधनाची ओळख करून घेणार आहोत. त्यात दफ्तराचे हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. एका कचेरीतील माणसे फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर जिथे एकमेकांशी लिहून बोलतात, ते हे साधन. लोक त्याला चॅट म्हणतात. चॅट म्हणजे गप्पा. हे नाव थोडे फसवे आहे.

तुमच्यापैकी कोणी उद्या धानोऱ्याच्या तहसील कचेरीत लागेल, कोणी दवाखान्यात परिचारिका होईल, कोणी वनरक्षक, कोणी नागपूरच्या दुकानात हिशेब ठेवेल, तर कोणी पुण्याच्या कंपनीत जाईल. पहिल्याच दिवशी तुम्हांला कोणीतरी सांगेल, "तुम्हांला ग्रुपमध्ये घेतले आहे. तिथे बघत जा." बस, एवढेच. तिथे काय बघायचे, काय लिहायचे, कसे लिहायचे, हे सहसा कोणी शिकवत नाही. मलाही कोणी शिकवले नाही. त्यामुळे काय झाले, ते आधी सांगतो.

मी एका शाळेत नवा होतो. शिक्षकांचा व्हॉट्सॲपवर एक गट होता. एका मंगळवारी मी पालकांना भेटायला आडबाजूच्या एका गावी गेलो. आपल्या तालुक्यात अशी गावे अजून आहेत, की तिथे पोहोचले की फोन नुसता घड्याळापुरता उरतो. रात्र तिथेच काढली. बुधवारी दुपारी मी मोटारसायकलने मोठ्या रस्त्याला लागलो आणि खिशातला फोन एकदम किणकिणू लागला. चाळीस-पन्नास संदेश एका दमात आले. सुप्रभात, फुलांची चित्रे, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि त्यांच्या मध्येच एक ओळ: 'उद्या दुपारपर्यंत परीक्षेचे अर्ज पालकांच्या सह्यांसह जमा करावेत.'

मी ते वाचले आणि निश्चिंत झालो. आज बुधवार, म्हणजे अर्ज गुरुवारी द्यायचे. पण तो संदेश मंगळवारी संध्याकाळी पाठवलेला होता. त्यातला 'उद्या' म्हणजे बुधवारच होता आणि तो अर्धा संपलाही होता. संदेशाच्या कोपऱ्यात वेळ असते. ती मी पाहिली नाही. माझ्या वर्गातील दोन मुलांचे अर्ज मुदतीनंतर गेले. विलंब शुल्क मी भरले. परंतु त्या मुलांच्या वडिलांना सहीसाठी पुन्हा शाळेत यावे लागले. दोघेही मजुरी करणारे. त्यांचा एक दिवस बुडाला, तो मला भरून देता आला नाही.

उर्दूत 'कल' म्हणजे काल आणि 'कल' म्हणजे उद्याही. वाक्यावरून अर्थ लावावा लागतो. मराठीत दोन दिवसांना दोन शब्द आहेत, म्हणून मराठी या बाबतीत सोपी, असे मी वर्गात नेहमी सांगत असे. आता सांगत नाही. बोलताना 'उद्या' पुरतो, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच दिवसात उभे असतात. लिहिलेला 'उद्या' वाचणाऱ्यापर्यंत कधी पोहोचेल, याचा नेम नाही. म्हणून कामाच्या संदेशात वार आणि तारीख घालावी. 'बुधवार, १२ तारीख, दुपारी २ पर्यंत' असे लिहिले असते, तर माझा घोटाळा झाला नसता.

आता हे साधन कुठून आले ते थोडक्यात पाहू. १९८८ साली फिनलंड देशातील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन या तरुणाने संगणकावर अनेकांना एकाच वेळी लिहून बोलता येईल अशी एक व्यवस्था तयार केली. तिचे नाव इंटरनेट रिले चॅट. तिच्यात वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळी दालने होती. दालनाच्या नावाआधी उभ्या-आडव्या चार रेघांच्या जाळीचे चिन्ह असे. हे चिन्ह तुम्ही फोनच्या आकड्यांच्या पाटीवर उजव्या कोपऱ्यात पाहिले असेल. आजच्या अनेक साधनांत दालनाच्या नावाआधी तेच चिन्ह दिसते.

पुढची गोष्ट गमतीची आहे. अमेरिका आणि कॅनडातील काही लोक मिळून संगणकावरचा 'ग्लिच' नावाचा खेळ बनवत होते. ते वेगवेगळ्या शहरांत बसत. एकमेकांशी बोलण्यासाठी त्यांनी स्वतःपुरते एक साधन तयार केले. २०१२ साली खेळ बंद पडला, पण ते साधन फार कामाचे निघाले. २०१४ साली त्यांनी ते 'स्लॅक' या नावाने सर्वांसाठी खुले केले. या नावातील एकेका अक्षरामागे एक इंग्रजी शब्द धरला आहे, आणि त्या शब्दांचा मिळून अर्थ होतो, 'सर्व संभाषणाची आणि ज्ञानाची शोधता येणारी नोंद'. पुढे २०१७ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीचे 'टीम्स' आले. झोहो या भारतीय कंपनीचे 'क्लिक' आहे. भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सरकारी कामासाठी 'संदेस' तयार केले. आपल्याकडच्या पुष्कळ कचेऱ्यांत व्हॉट्सॲपचा गटच अजून हे काम भागवतो.

स्लॅकच्या नावातील 'नोंद' हा शब्द लक्षात ठेवा. पूर्वी कचेरीत बोलणे वेगळे होते आणि नोंद वेगळी होती. साहेब तोंडी काही सांगत, लिपिक ऐकत आणि जेवढे महत्त्वाचे तेवढे नोंदवहीत जाई. बाकीचे शब्द हवेत विरत. आता बोलणे हीच नोंद झाली आहे. तुम्ही 'हो, पाठवतो' असे लिहिले, की ते तारीख-वेळेसह दफ्तरात जमा झाले. सहा महिन्यांनी कोणीही शोधाच्या चौकटीत एक शब्द लिहून ते वर काढू शकतो. म्हणूनच मी म्हटले, की गप्पा हे नाव फसवे आहे.

मग सुरुवात कशी करायची? कचेरीकडून तुम्हांला ई-मेलवर किंवा फोनवर आमंत्रण येते. ते खरोखर आपल्या कचेरीचेच आहे का, हे आधी विचारून घ्यावे. नंतर नाव आणि परवलीचा शब्द घालून खाते उघडावे. परवलीचा शब्द आणि फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणालाही सांगू नये, अगदी शेजारच्या टेबलावरील मित्रालाही. नाव पूर्ण लिहावे आणि पुढे हुद्दा लिहावा. 'राजा' किंवा 'एंजल' अशी नावे मित्रमंडळीत चालतात, पण रुग्णालयात रात्री २ वाजता 'एंजल' म्हणजे कोणती परिचारिका, हे कोण शोधत बसणार?

खाते उघडले की लगेच लिहू नये. आधी वाचावे. स्लॅक, टीम्स यांसारख्या साधनांत नव्या माणसाला दालनातील जुने संदेश वाचता येतात. व्हॉट्सॲपच्या गटात नवा माणूस आला, की सहसा आधीचे काही त्याला दिसत नाही. त्यामुळे तो तेच प्रश्न पुन्हा विचारतो आणि जुनी माणसे वैतागतात. एक तास जुने संदेश वाचले तर कचेरीतील कामाची रीत कळते, आणि कोण कोणते काम पाहतो हेही कळते. मला विचाराल, तर नोकरीच्या पहिल्या दिवशी याहून चांगला उद्योग नाही.

आता दालनांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो.

आपल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गाव आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी त्याचे नाव ऐकले असेल. गोंड आदिवासींच्या या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली आपल्या जंगलातील बांबू विकण्याचा अधिकार ग्रामसभेने प्रत्यक्ष वापरला. लांबलांबून लोक हे गाव पाहायला येतात. या गावाची एक रीत आपल्या विषयाशी जुळते. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कोणीही यावे, शंका विचारावी, वाद घालावा, बाहेरच्या जाणत्या माणसाचे ऐकावे. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तोही सर्वांच्या सहमतीने. त्यामुळे अभ्यासगटात माणूस मोकळेपणाने बोलतो, आणि ग्रामसभेत काय ठरले याविषयी घोळ राहत नाही.

कचेरीच्या दालनांचेही असेच असावे. सूचनांचे दालन वेगळे. तिथे फक्त ठरलेल्या गोष्टी याव्यात. चर्चेचे दालन वेगळे. तिथे 'असे केले तर?' 'मला हे पटत नाही' असे खुशाल लिहावे. वाढदिवस, पावसाची चित्रे, क्रिकेट यांनाही एक दालन द्यावे. माणसे एकत्र काम करतात, तर हसणार-बोलणारच. माझ्या त्या मंगळवारच्या संदेशाची चूक फक्त 'उद्या' या शब्दाची नव्हती. तो फुलांच्या ढिगाखाली गेला होता. एकच खोली असेल आणि तिथेच बैठक, तिथेच चहा, तिथेच वराती, तर कामाची गोष्ट कोणाच्या कानावर पडणार?

दालनातही एका संदेशाखाली त्याचीच उत्तरे ठेवता येतात. त्याला धागा म्हणतात. समजा, कोणी विचारले, 'तांदळाची पोती किती आली?' तर त्याचे उत्तर त्या प्रश्नाच्या धाग्यात द्यावे. खाली सुटे '४०' लिहिले, तर वाचणाऱ्याला ४० पोती वाटतील, की ४० मुले, की ४० रुपये, कोण जाणे. एखाद्याचे लक्ष वेधायचे असेल, तर त्याच्या नावाआधी 'ॲट'चे चिन्ह लावतात. इंग्रजी 'ए' अक्षराभोवती शेपटी गुंडाळावी तसे ते दिसते. ते लावले, की त्या माणसाचा फोन वाजतो. सर्वांचे फोन एकदम वाजवण्याचीही सोय असते. ही सोय आगीच्या घंटेसारखी आहे. रोज वाजवली, तर आग लागेल त्या दिवशी कोणी उठणार नाही.

आता आपल्याच जंगलातील एक प्रसंग कल्पनेने घेऊ. २०२१ साली छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात आला. तोपर्यंत इथल्या शेतकऱ्यांना वाघ-बिबट्याची सवय होती, पण धानाच्या शेतात उभ्या राहिलेल्या हत्तींची नव्हती. समजा, एका वनरक्षकाला संध्याकाळी हत्ती दिसले आणि त्याने कचेरीच्या दालनात लिहिले, 'हत्ती आले, सावध राहा.' हे वाचून वनपाल काय करील? कुठे आले? किती? कोणत्या दिशेला निघाले? केव्हा? तो फोन लावील, पण वनरक्षक नाल्यापलीकडे रेंजबाहेर गेलेला असेल. वाचणारा आणि लिहिणारा यांची गाठ पडणार नाही. मध्ये फक्त ती चार शब्दांची ओळ.

त्याऐवजी असे लिहिले तर? 'शुक्रवार, १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.१०. गावाच्या पूर्वेला नाल्याकाठच्या शेतात ७ हत्ती. उत्तरेकडे सरकत आहेत. उत्तरेच्या पायवाटेने आज रात्री कोणी जाऊ नये, हे पोलीस पाटलांना सांगितले आहे. मी शाळेजवळ थांबतो. पुढची खबर ८ वाजता याच धाग्यात.' हे लिहायला दोन मिनिटे जास्त लागतात. पण वनरक्षक रेंजबाहेर गेला, तरी त्याचा संदेश एकटा उभा राहतो आणि वाचणाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे देतो. यात काय पाहिले, काय करून झाले आणि पुढे काय होणार, हे तिन्ही आले आहे.

तुमच्या दादा-नानांच्या काळात तार असे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे शब्द वाचवत. ही तारसेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता शब्दाला पैसा पडत नाही, तरीही आपण 'झाले का?' 'कधी?' 'बघा जरा' असे तारेहून तोकडे लिहितो. ही कंजुषी कशासाठी, ते मला समजलेले नाही.

उर्दू माध्यमातील मुलांनी आणखी एक काळजी घ्यावी. काही शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही, पण त्यांनी वाटेत अर्थ बदलला आहे. 'हरकत' म्हणजे उर्दूत हालचाल, मराठीत आक्षेप. साहेबांनी 'माझी हरकत नाही' असे लिहिले, तर त्यांनी परवानगी दिली आहे, ते जागचे हलत नाहीत असा अर्थ नाही. 'राजीनामा' म्हणजे उर्दूत समझोता, मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. दोन सहकाऱ्यांचे भांडण मिटले, तर 'दोघांचा राजीनामा झाला' असे चुकूनही लिहू नका. आणि 'खुलासा'. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश. महाराष्ट्रातील कचेरीत 'खुलासा सादर करावा' असा संदेश आला, तर तुमच्याकडून काही चूक झाली असे वरिष्ठांना वाटते आणि ते कारण विचारत आहेत. तिथे कोणी पाठाचा सारांश लिहून पाठवला, तर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

लिपीचाही एक पेच आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे धावते आणि मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही एका ओळीत लिहिल्या, की पडद्यावर शब्दांचा आणि आकड्यांचा क्रम कधी कधी उलटापालटा दिसतो. ५ ते ७ असे लिहावे आणि वाचणाऱ्याला ७ ते ५ दिसावे, असेही होते. म्हणून उर्दू वाक्य एका ओळीत आणि मराठी वाक्य दुसऱ्या ओळीत लिहावे.

व्हॉट्सॲपचा गट आणि कचेरीचे स्वतःचे साधन यांत एक मोठा फरक आहे. व्हॉट्सॲपच्या गटात तुमचा फोन क्रमांक गटातील सर्वांच्या हाती लागतो. विशेषतः मुलींना आणि स्त्रियांना याचा त्रास होऊ शकतो. एखाद्या अनोळखी माणसाने रात्री संदेश पाठवला, तर तक्रार कुठे करायची, असा प्रश्न पडतो. कचेरीच्या साधनात बहुधा नाव आणि हुद्दा पुरतो. नोकरी सुटली, की ते खाते बंद होते आणि कामाची नोंद कचेरीकडे राहते. पण लक्षात असू द्या, ती जागा कचेरीची आहे. दोघांत खाजगी म्हणून लिहिलेले संदेशही काही साधनांत मालकाला काढून पाहता येतात. घरची गोष्ट तिथे लिहू नये. दुसऱ्याची चेष्टा तर मुळीच लिहू नये. पुसून टाकले, तरी तोपर्यंत कोणीतरी त्याचे चित्र काढून ठेवलेले असते.

फोन सतत वाजत राहिला, तर जेवण गोड लागत नाही आणि झोपही लागत नाही. जवळजवळ प्रत्येक साधनात ठरावीक वेळेत आवाज बंद ठेवण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. हे मी तुम्हांला आधीच सांगतो, कारण वरिष्ठ हे आपणहून सांगतीलच असे नाही.

आठवीच्या वर्गात आम्ही हा पाठ फोनशिवाय करून पाहिला. वैरागडच्या किल्ल्याला सहल जायची होती. भिंतीवर तीन पुठ्ठे लावले: 'सूचना', 'सहलीची चर्चा' आणि 'गप्पा'. आठवडाभर सहलीविषयी कोणी तोंडाने बोलायचे नाही. जे काही असेल ते चिठ्ठीवर लिहायचे, नाव-वार-वेळ घालायची आणि योग्य त्या पुठ्ठ्याला टाचणीने लावायची. उत्तर असेल, तर त्याच चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी. पहिल्या दिवशी 'गप्पा'चा पुठ्ठा भरून गेला आणि 'सूचना' कोरा राहिला. चौथ्या दिवशी चित्र बदलले.

वर्गातील एक मुलगी त्या आठवड्यात तापामुळे आली नव्हती. सोमवारी ती आली, तेव्हा मी तिला पुठ्ठ्यांसमोर उभे केले आणि इतरांना गप्प बसवले. तिने दहा मिनिटे सर्व चिठ्ठ्या वाचल्या. मग गाडी किती वाजता सुटणार, वर्गणी किती, डबा कोणी आणायचा, हे सारे तिने बरोबर सांगितले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "सर, एकच चिठ्ठी समजली नाही. इथे लिहिले आहे, 'पाण्याचे पिंप त्याने आणायचे ठरले.' त्याने म्हणजे कोणी?"

वर्गात शांतता पसरली. प्रत्येकाला वाटत होते, की पिंप दुसरा कोणी आणणार आहे. चिठ्ठी लिहिणारा मुलगा उठला, तिच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "त्या दिवशी मला माहीत होते, सर." मग त्याने टाचणी काढली, 'त्याने' हा शब्द खोडला, वर स्वतःचे नाव लिहिले आणि चिठ्ठी 'सूचना'च्या पुठ्ठ्यावर नेऊन लावली.